सुमन एकटीच उभी राहिली

बारामती, सोमवार, ऑगस्ट १९९६

कॉन्व्हेंटमध्ये दोन सिस्टर एकदम दोन हुकूम सोडायच्या, तेव्हा मी आणि माझी मैत्रीण लीला अर्धवट उठून हसत सुटायचो. आज सुमन उभी राहिली तेव्हा हसू आलं नाही.

इमारतीच्या दुरुस्तीमुळे इंदापूरच्या कर्णबधिर शाळेचा वर्ग आमच्या शाळेत, माझ्या वर्गाशेजारच्या खोलीत आलाय. दोन्हीकडची बिनतारी श्रवणयंत्रं एकाच लहरीवर चालणारी. माझ्या गळ्यात माईक, मुलांच्या छातीवर आवाज पकडणारी डबी; पलीकडच्या बाईंचा आवाजही तिच्यात शिरतो. मी "बसा" म्हटलं, तेव्हाच पलीकडच्या बाई "उभे राहा" म्हणाल्या. बाकीच्यांनी माझे ओठ वाचले. सुमनची जागा मधल्या भिंतीलगत, मान वहीत. ती एकटीच उभी राहिली.

नेमकी तिची आई पिंपळीहून आलेली, दारातच.

"येडीच हाय माजी पोर. उद्या सामान न्यायला येते, बाई. शेरडं तरी राखंल."

"अहो, दोष यंत्राचा आहे."

"मग बाकीची कशी बसली?"

ओठ वाचून, म्हटलं; तिला पटेना. मुख्याध्यापक म्हणतात, आळीपाळीनं शिकवा. म्हणजे अर्धा दिवस मुलांनी काही ऐकायचंच नाही? लहर बदलणारा माणूस पुण्याहून कधी येईल, देव जाणे. आणि डोळ्यांपुढून हलत नाही ती, एकटी उभी.

उद्यापासून बिनतारी डब्या फक्त इंदापूरच्या मुलांकडे. माझ्या मुलांना कपाटातले जुने, तारेचे हेडफोन; तारेतून पलीकडचा आवाज येत नाही. बाकावरून हलता येणार नाही म्हणून रुसतील. रुसू देत. त्यातला बरा हेडफोन सुमनला. आणि तारेचा माईक आधी तिच्या आईला. "ऊठ" म्हणायचं की "बस", तिनंच ठरवावं.