ओल्या हातांची ट्रेड टेस्ट

बाबा, आज सकाळी वैशाली नगरहून रेल्वेच्या इंजिन शेडपर्यंत सायकलनं गेले तेव्हा पाऊस असा कोसळत होता की पुढच्या सायकलवाल्याचं मागचं चाक दिसत नव्हतं. मी कोरडी पोचले. डोक्यावर चोचीची टोपी आणि तिच्यावरून रेनकोटचं टोपडं, म्हणजे पाणी डोळ्यांत येत नाही. आत बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, कारण लोकर ओली झाली तरी अंग गार पडू देत नाही. मोज्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून वर बूट, हातांत भांडी घासायचे रबरी हातमोजे. शेडमधल्या दोन नव्या पोरी मला बघून हसल्या. मी रेनकोट झटकून खुंटीला लावला, हात पुसले आणि पाच मिनिटांत पाना घेऊन इंजिनाखाली कामाला लागले. त्या पोरी मात्र चहाच्या खोलीत हीटरपाशी ओढण्या पिळत बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले. त्यांना बघून मला तुमचा इतका राग आला की हातातला पाना मी खाली ठेवला.

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्यात राग विरला असेल असं मला वाटत होतं. हा मुलूख हिंदीचा, शेडमध्ये मी हिंदीत रागावते, घरी पोरगीही माझ्याशी हिंदीतच भांडते. आईवर मी रागावत नाही, मराठीत रागवायला तुमच्याशिवाय माझ्याकडे कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी एकवीस वर्षांची होते. आयटीआय केलं होतं, इलेक्ट्रिशियनचं, आणि अख्ख्या वर्गात मी एकटी मुलगी. तो ट्रेड मी उगाच नव्हता निवडला. तुम्ही स्टील प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होता, मी लहानपणापासून तुमच्या टेस्टरशी खेळले होते, घरचा पंखा तुम्ही खोलायचा तेव्हा स्क्रू वाटीत धरून मीच बसायची. पण मी प्लांटचा फॉर्म भरला हे कळल्यावर तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. जयंतीला विहारासमोर माईक हातात घेऊन तुम्ही सगळ्या वस्तीला सांगायचा की पोरींना शिकवा, पोरींना पुढं करा. लोक टाळ्या वाजवायचे, मीही वाजवायची. आणि घरी? "शिक ना, कोन नाही म्हनते? बी.एड. कर, मास्तरीन हो. पाना नोको धरू." मी विचारलं, कावून? तर ताटावरून उठून गेलात. कारण कधी सांगितलं नाहीत. वीस वर्षं मी ते कारण स्वतःच घडवते आहे आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट निघतं.

लेखी परीक्षा मी पास झाले. मग ट्रेड टेस्टचं पत्र आलं, प्रॅक्टिकलचं. ऑगस्टचा महिना होता आणि आदल्या दिवसापासून झड लागली होती. सकाळी साडेसातला मी निघायच्या तयारीत आहे, तुम्ही नुकतेच रात्रीची सी शिफ्ट करून आला आहात. तुमचा रेनकोट दारामागच्या खुंटीला टांगलेला आहे आणि त्याच्यातून पाणी गळून फरशीवर थारोळं साचतं आहे. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पिता आहात. तुमचा बनियन कोरडा आहे, पाय कोरडे आहेत, केससुद्धा कोरडे आहेत. दहा किलोमीटर त्या पावसात सायकल चालवून आलेला माणूस इतका कोरडा कसा, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. आई म्हणाली, "अवो, पोरीले थांबवा जरासं, लय पानी हाये." तुम्ही म्हणालात, "टाइमवर नाही गेली तं गेटातूनच वापस पाठवतीन. जाऊ दे." रेनकोट मी मागितला नाही. तो प्लांटचा होता, तुमचा होता, आणि चार दिवस न बोललेल्या माणसाकडे मला काही मागायचं नव्हतं. आईनं एक मोठं पॉलिथिन माझ्या डोक्यावरून घेऊन गळ्यापाशी सुतळीनं बांधलं. कागद मी दोन पिशव्यांत गुंडाळून घेतले. तेवढी अक्कल मला होती. कागद कोरडे राहिले.

कोहक्याच्या रस्त्यावरच पॉलिथिन फाटलं. सुपेल्याचं रेल्वे फाटक बंद होतं आणि मालगाडी सरता सरत नव्हती, मी वीस मिनिटं तिथं उभी. उशीर झाला म्हणून फाटक उघडल्यावर मी जीव खाऊन पायडल मारले, घामानं आतून भिजले, पावसानं बाहेरून. सुती सलवार कमीज अंगाला चिकटली होती आणि वारा तिच्यातून आरपार जात होता. सेक्टरमधल्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतल्या, ट्रेनिंगच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा माझे दात वाजत होते. बोटं इतकी आखडली होती की हजेरीच्या रजिस्टरवर सही करताना पेन दोनदा पडलं. बाकी सगळे मुलगे. त्यांतले बरेचसे प्लांटच्या कामगारांचेच होते आणि बहुतेकांच्या अंगावर बापाचे रेनकोट होते.

काम सोपं होतं, बाबा. जिन्याच्या दिव्याचं कनेक्शन, एक दिवा आणि दोन बटणं. ते मी सातवीत तुमच्या शेजारी बसून केलं होतं. मी बोर्डासमोर उभी राहिले, स्क्रू ड्रायव्हर उचलला, आणि माझ्या बाहीतून पाण्याची धार बोर्डावर पडली. परीक्षक साहेब लगेच माझ्यापाशी आले. वयस्कर माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "बेटी, हाथ हटाओ. गीले हाथ से बोर्ड छू रही हो?"

मी म्हटलं, "सर, पोछ लेती हूँ."

"हाथ पोछोगी, कपड़ों का क्या करोगी? नीचे देखो, पानी में खड़ी हो. इस हालत में मैं लाइन चालू नहीं करने दूँगा."

मी खाली बघितलं. माझ्या चपलांभोवती खरोखरच तळं झालं होतं. त्यांनी मला कोपऱ्यात पंख्याखाली बसवलं, म्हणाले, सूख जाओ तो आखिर में देखता हूँ. ओल्या कपड्यांत पंख्याखाली बसून मी आणखी गारठले, कपडे वाळले नाहीत, आणि शेवटचा मुलगा उठला तेव्हा वेळ संपली. त्यांनी माझ्या नावासमोर 'फेल' लिहिलेलं मला दिसलं. त्या साहेबांवर मी आजवर रागावले नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, आणि आता नव्या पोरांच्या बाबतीत करतेही.

घरी आले तेव्हा दुपार झाली होती. तुम्ही झोपून उठला होता. आईनं मला शेगडीपाशी बसवलं, टॉवेलनं डोकं पुसलं, राईचं तेल गरम करून तळपायांना चोळायला घेतलं. मी काय झालं ते सांगितलं. सांगताना रडले. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे होता. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "वल्या आंगानं बोर्डापाशी कोन जाऊ देईन? एवढं समजत नाही तं इलेक्ट्रिशियन कायची होते तू?"

आईचा हात थांबला. ती म्हणाली, "पोरगी थंडीनं कापून राहिली अन् तुमी भाषन देऊन राहिले. जा बाहेर." तुम्ही गेलात. मला त्या रात्रीपासून चार दिवस ताप होता. पण ताप उतरला आणि ते वाक्य उतरलं नाही. तुम्हाला माहीत होतं. सकाळी साडेसातला चहा पिताना तुम्हाला माहीत होतं की भिजलेल्या माणसाला बोर्डाला हात लावू देत नाहीत, की मी भिजणार, की ते पॉलिथिन कोहक्याच्या पुढं टिकणार नाही. तीस वर्षं तुम्ही हेच काम केलंत. माहीत असून तुम्ही चहा पीत बसलात.

तीन वर्षांनी मी रेल्वेत लागले. तुम्ही म्हणालात, "रेल्वे ठीक हाये." एवढंच. रेल्वेतही पानाच धरायचा असतो, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं होतं, पण तोवर आपण फक्त जेवणखाण आणि बिजलीचं बिल एवढंच बोलत होतो. आणि मग तुमची छाती दुखली आणि दोन दिवसांत तुम्ही गेलातसुद्धा, रिटायर व्हायला एक वर्ष बाकी असताना.

खरा राग त्यानंतर आला. तुमच्या पुण्यानुमोदनाला अंगणात मंडप होता, लोक येत होते, तुमच्याबद्दल दोन शब्द बोलत होते. प्लांटमधल्या तुमच्या शॉपमधले, म्हणजे खात्यातले, काका, भंडाऱ्याकडचे, एक कापडी पिशवी घेऊन आले होते. तुमच्या लॉकरमधलं सामान. ते मला म्हणाले, "पोरी, तुह्या बाबाचे लय उपकार हायेत आमच्यावर. पानी लागलं का नवीन पोट्टे त्याच्याच मांगं राहेत. पावसात सायकल कशी चालवाची, हे त्यानंच शिकवलं आमाले." मला वाटलं, कौतुकाचं काहीतरी बोलताहेत. पण ते एकेक करून सांगायला लागले. "तो म्हने, पावसात जोरात नोको चालवू, रेनकोटात मानूस घामानंच वला होते. काखेपाशी बटन उघडं ठेव, हवा जाऊ दे. आत लोकर घाल, सुती नोको. ब्रेक आधीच दाबून पाहाचा, रिम वली असली का लागत नाही. एक जोडी कपडे पॉलिथिनमंधी बांधून संगंच ठेवाचे, कोरड्या मानसालेच करंटपाशी जाचा हक हाये, म्हने." आणि पिशवीतून त्यांनी तुमची ती लोकरी बंडी काढली, रबरी हातमोजे काढले, टोपी काढली, बुटांत कोंबायला घडी घालून ठेवलेले पेपर काढले.

कोरड्या माणसालाच करंटपाशी जायचा हक्क आहे. शॉपमधल्या प्रत्येक पोराला तुम्ही हे सांगितलं होतं. बिहारच्या, ओडिशाच्या, आंध्रच्या पोरांना, ज्यांची तुमची भाषासुद्धा एक नव्हती. मंडपात लोक तुमच्या फोटोला फुलं वाहत होते आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून उभी होते. आई आत आली. मी म्हटलं, "त्यांनी मले कावून नाही सांगतलं? एक जोडी कपडे बांधून घे, एवढं कावून नाही सांगतलं?" आई म्हणाली, "भेत होते तुयासाठी. त्यांच्या डोळ्यासमोर एक मानूस चिपकला होता करंटले. तुले सांगतलं नाही त्यांनी." भीत होता, तर भीत होतो म्हणून सांगायचं होतं. मी मोठी झालेली मुलगी होते, मला भीती कळत होती. माझ्या मनाला पटलं नसतं तर मी भांडले असते. पण तुम्ही भांडायची संधीच दिली नाहीत, पावसाला कामाला लावलंत.

ते सामान मी ठेवून घेतलं. लोकरी बंडी उसवली तेव्हा त्याच मापाची नवी विणून घेतली. आणि आज जेवणाच्या सुट्टीत त्या दोन पोरींना समोर बसवून मी सगळं सांगितलं, मोज्यांवरच्या पिशव्या, काखेपाशची बटणं, बांधून न्यायची कपड्यांची जोडी. एकीनं विचारलं, "दीदी, ये सब आपको किसने सिखाया?" मी म्हटलं, "किसी ने नहीं." बाबा, ते शब्द तोंडातून निघाल्यावर मला अजिबात वाईट वाटलं नाही. तुमचं नाव सांगायला हवं होतं, असं कोणी म्हणेल. मी नाही सांगितलं आणि पुढंही सांगणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. आई आता नीट वाचू शकत नाही, पोरीला मराठी वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे लपवायचीसुद्धा गरज नाही. पण इतकं लिहिलं आहे तर एक गोष्ट राहू देत नाही, कारण ती मी आईलाही सांगितलेली नाही. त्या सकाळी मी सायकल रस्त्यावर काढली आणि गल्लीच्या वळणाशी पोचले तेव्हा तुम्ही दारातून मला हाक मारली होती. पावसाच्या आवाजातही ऐकू आली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, मोठ्यानं. तुम्ही काय सांगणार होता ते मला माहीत नाही. थांबवणारच, असं मी धरून चालले, आणि मागं वळून बघितलं नाही.