माग बंद केलेत ती दुपार

आप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वडगावच्या आपल्या गल्लीत शिरलो की माझ्या मुठी वळतात. आपले चारही यंत्रमाग मी भंगारात घातले. लोखंड टेम्पोत चढेपर्यंत उभा राहून बघितलं. आक्का रडली. मी चहा प्यालो.

आमचा पहिला बँड तुमच्याच मागांच्या आडोशाला उभा राहिला, हे तुम्हाला ठाऊक होतं. माग सुरू असले की मागच्या खोलीत आम्ही तिघं कितीही बोंबललो तरी गल्लीला पत्ता लागायचा नाही. माझी जुनी गिटार, उचगावच्या दोस्ताचा बेस, आणि मच्छे गावच्या पोराचा ड्रम, लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेला. मागांच्या खटखटीवरच तो पोरगा ताल धरायला शिकला होता. आम्हाला वाटायचं, आपण पक्के झालो.

मग ती दुपार. तुम्ही मेन स्विच खाली ओढता. चारही माग एकदम गप्प. दार उघडून तुम्ही गल्लीला हाक घालता, "या रं, ऐका! आमच्या पोरानं काय विणलंय बघा!" सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका काम टाकून उंबऱ्याशी येतात. धरायला खटखट उरली नाही म्हणताना ड्रमचा ताल सुटतो, बेस भलतीकडे जातो, मी एकटाच किंचाळत राहतो. शेजारचे अण्णा म्हणतात, "आप्पा, सगळंच धागं तुटल्यात की वो!" गल्ली हसते. सगळ्यांत जास्त तुम्ही हसता. मच्छेचा पोरगा त्याच दिवशी ड्रम सोडून गेला आणि पुढं तिकडच्याच कारखान्यात लागला. आमचा बँड तिथं संपला.

त्याचा सूड मी सावकाश घेतो आहे. तुम्ही गेल्यावर निपाणीच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवलं, मग पुण्यात दुसरा बँड काढला, आणि तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तुमची ही गोष्ट सांगतो. तुमचा आवाज काढतो, तुमचं खांदे उडवत हसणं करून दाखवतो. लोक पोट धरून हसतात. परवा तर वडगावातच वाजवलं. तेच अण्णा, आता काठी टेकत आलेले, पुढच्या रांगेत डोळे पुसत हसत होते. तुम्हाला. घरी आल्यावर आक्का म्हणाली, "मेलेल्या माणसाला किती बडवणार हाईस रं अजून?"

"लई बाकी हाय," म्हटलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तिला न सांगितलेलं इथं लिहितो. अण्णा हसत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होतो. तिथं तुम्ही हवे होतात. गोष्ट संपली की आम्ही वाजवतो, आणि तेव्हा कुणी हसत नाही. ते ऐकण्याआधीच तुम्ही निसटलात. आख्खी गल्ली वाजवून गप्प बसवली, आप्पा. तुम्ही तेवढे अजून हसताय.