तुझ्या नावाचं प्रवाळ आणि बरणीत पडलेला फोन

तीर्थरूप आत्यास, लांबून असला तरी पूर्ण वाकून केलेला नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या खेपेला नीट विचारायचं राहिलं. बाकी प्रकृती उत्तमच असणार, कारण रविवारपासून तू माझ्याशी बोलत नाहीयेस, आणि अबोला धरलास की तुझी तब्येत सुधारते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझं बरं चाललंय असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. रविवारी फोन मध्येच का तुटला एवढं सांगण्यासाठी हे पत्र. दुसरा काही हेतू नाही.

मुळापासून सांगतो, म्हणजे दोष कुणाचा हे तुझं तूच ठरवशील (माझाच असं ठरवशील, पण निदान वाचून ठरव). समुद्रातली बहुतेक प्रवाळं चुन्याची घरं बांधून राहतात. मी ज्यांच्यामागे उमेदीची वर्षं घालवली ती मऊ जातीची: घर नाही, दार नाही, हाताला ओल्या चामड्यासारखी लागतात. त्यांतलं एक अगदी वेगळं निघालं, आजवर कुणी नोंदवलं नव्हतं असं. नव्या जातीला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा, पण स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्यात शिष्टाचार आहे. आमच्या खात्याच्या प्रमुख बाईंना वाटत होतं की मला त्यांचं नाव सुचेल (तेवढ्यासाठी त्या माझ्या टेबलाशी दोन-तीनदा रेंगाळूनही गेल्या). मला सुचलं तुझं. तरणतलावाच्या कठड्याला मी लहानपणी चिकटून बसलो होतो, तेव्हा माझी बोटं एकेक करून सोडवणारी आणि मला पाण्यात लोटणारी तू, आणि मागोमाग अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारणारीही तूच. त्या उडीमुळे मी समुद्रात उतरलो. हे तोंडावर कधी बोलायला जमलं नाही, म्हणून नाव द्यायचं ठरवलं.

त्यावर तू काय केलंस? दातांच्या डॉक्टरपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, आणि इमारतीच्या सूचना फलकावर, पाणी बंद राहण्याच्या सूचनेशेजारी, ‘समुद्रातल्या एका देखण्या जीवाला आमच्या मजल्यावरचं नाव’ असा कागद लागला. देखणा हा शब्द माझा नव्हता. मग छापायला जाण्याआधी वर्णन मला वाचायला पाठव, असा तुझा हुकूम आला आणि मी मूर्खासारखं ते पाठवलं. आता प्रवाळाचं वर्णन प्रवाळासारखंच असणार ना? ‘रंग मळकट तपकिरी. बुंधा रुंद व चिवट. पृष्ठभाग सुरकुतलेला. डिवचल्यास आक्रसते व दीर्घकाळ उघडत नाही. विषारी स्राव सोडून शेजारी इतर कुणाला वाढू देत नाही.’ यातलं एकही वाक्य तुला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं नाही. (बाईंनी वाचून, तुमच्या आत्यांना एकदा भेटायला हवं, असं म्हटलं, तो त्यांचा आगाऊपणा.)

तू फोन केलास तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. मऊ प्रवाळाच्या मांसात चुन्याचे बारीक काटे असतात आणि ते दर जातीत वेगळे असतात. ते बघायचे तर नखाएवढा तुकडा कापून ब्लीचमध्ये टाकायचा. मांस विरघळतं, काटे उरतात. बाकीचा नमुना परत अल्कोहोलच्या बरणीत. एवढं साधं काम. फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून मी तुकडा कापला, बशीत टाकला. ‘मळकट काढ आणि गुलाबी घाल,’ असं तू म्हणालीस. मी गुलाबी कसं घालता येणार नाही ते समजावत अख्खा नमुना बरणीत सोडला. अल्कोहोलची आणि ब्लीचची अशा दोन बरण्या शेजारी होत्या आणि दोन्हींतलं पाणी सारखंच दिसतं. तू ‘सुरकुतलेला’वर आलीस तेव्हा बुडबुडे येत होते. शेजाऱ्यांचा मुद्दा तू मनापासून मांडलास, खालच्या मजल्यावरच्या बाईंचं जुनं प्रकरणही त्यात आलं, आणि तोवर बरणीच्या तळाशी पांढरा गाळ तेवढा उरला होता. मी बघायला वाकलो, तसा फोन खांद्यावरून सुटला आणि त्याच बरणीत पडला. तेव्हा फोन मी तोडला नाही. तो तुझ्याच नावाच्या प्रवाळात बुडाला.

आमच्या प्रमुख बाईंनी बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ‘वाटलंच होतं’ म्हणून निघून गेल्या. आमच्या विद्येचा नियम असा की ज्या नमुन्यावरून वर्णन केलं, तो संग्रहालयात जपून ठेवल्याखेरीज नाव लागत नाही. आठवणी किंवा आत्याबद्दलची माया यांतलं काही चालत नाही (गाळ चालेल का, असं मी विचारलं, संग्रहालयाच्या गृहस्थांनी विषय बदलला). ते सापडलं तिथे परत बुडी मारायची परवानगी पुढच्या हंगामाशिवाय मिळणार नाही. त्यात दुसऱ्या एका संस्थेलाही हेच प्रवाळ सापडलंय आणि ते आपल्या संचालकांचं नाव द्यायच्या बेतात आहेत. जे आधी छापून येईल ते कायमचं. मला याचं खरंच वाईट वाटतंय. त्या संचालकांना मी पाहिलंय. त्यांना पोहताही येत नाही.

असो. राग सोड, गुडघ्याला शेक घे.

तुझा, फोन न तोडलेला,
भाचा

ता. क. दुसरा काही हेतू नाही असं वर लिहिलंय, ते सुरुवातीपुरतं खरं होतं. तुझ्या न्हाणीघरात साबणाशेजारी एक खरखरीत तपकिरी तुकडा असतो, त्याने तू टाचा घासतेस. तो मी त्याच ठिकाणच्या पहिल्या सफरीहून आणला होता. नावेच्या नांगराला अडकून वर आला होता, आणि मी तो काचेच्या कपाटात ठेवायला दिला होता. मागच्या मुक्कामात मीही त्याने टाच घासली. एक कण रुतला, तो सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर हीच जात (वाळली की आतल्या काट्यांमुळे अशी खरखरीत होते). तेव्हा माझ्याकडे अख्खा नमुना होता, म्हणून तुझी सोय मोडली नाही. आता आपल्या हाती तेवढाच उरलाय. न धुता, कापसात गुंडाळून पाठव. अंगठ्याएवढा असला तरी भागेल. मात्र आजपासून टाचा घासू नकोस. नाव कायमचं राहायचं तर थोड्या भेगा सोसायला हव्यात.

आणखी एक. नमुना कुठून मिळाला हे संग्रहालयाच्या चिठ्ठीवर खरं लिहावं लागतं. टाचांचा उल्लेख टाळता येईल, न्हाणीघराचा येणार नाही.

आणि शेवटचं. फोन नवा घेतलाय, नंबर तोच आहे, पण तुकडा पोचला का हे विचारायला फोन करू नकोस. काम चालू असताना आत्याशी बोलणार नाही, असं बाईंनी माझ्याकडून लिहून घेतलंय. बरणी चुकली कशी असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी फोनवर नीट ऐकू येत नव्हतं असं सांगितलं. तुझ्याशी बोलायला लागलो की मी अजून त्या कठड्यावरचा पोरगा असतो आणि हातात काय धरलंय याचं मला भान राहत नाही, हे काही कार्यालयात सांगण्यासारखं नव्हतं.