आईच्या अक्षरातलं पाकीट

३ फेब्रुवारी
पोचलो बाई एकदाचे! मी आणि अनू कलकत्त्यात, नवरा पुण्यात आणि सामानाचा ट्रक म्हणे अजून रायपूरला. सरकारी कंपनीतली बदली म्हणजे हे असंच. अनू मात्र खूश. सात वर्षांची पोर, लिफ्टमधून वर-खाली करायला मिळालं की तिला स्वर्ग दोन बोटं उरतो. न्यू टाउनचा हा फ्लॅट ऑफिसातल्या सलीलदांनी मिळवून दिला. त्यांची तिसरी पिढी इथली. बोलतात आमच्यासारखंच मराठी, चिडले की बंगाली. त्यांच्या आई, शकुनकाकू, खालच्याच मजल्यावर राहतात. शाळेतून आली की अनू त्यांच्याकडे. आणखी काय हवं?

५ फेब्रुवारी
मला आवक विभाग दिलाय, म्हणजे आलेलं टपाल फोडायचं, शिक्के मारायचे, वाटायचं. पंधरा वर्षं हेच करतेय. पण इथे सगळे हातमोजे घालून बसतात! गेल्या महिन्यात शहरातल्या काही ऑफिसांत पावडर भरलेली निनावी पाकिटं आली होती. दर वेळी टाल्कम नाहीतर मैदा निघाला, पण दर वेळी इमारत रिकामी करावी लागली. सलीलदा तर लग्नपत्रिकासुद्धा उजेडाला धरून बघतात. मी म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. त्यांना हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी
काय ही शोभा! सकाळी एक फुगलेलं पाकीट आलं. पत्ता देवनागरीत, पाठवणाऱ्याचं नाव नाही, कोपऱ्यातून राखाडी भुकटी सांडतेय. सलीलदा ओरडले, अकरा मजले रस्त्यावर. दोन तास उन्हात. मी आपली फिदीफिदी हसत उभी होते. मग तपासणी पथकाच्या मुखवटेवाल्यांनी पाकिटाचा फोटो दाखवायला आणला. आईचं अक्षर!

अनूची वार्षिक परीक्षा आली म्हणून तिनं मिरजेहून भैरोबाचा अंगारा पाठवला होता. पुडी वाटेत फुटली. घरचा पत्ता मी तिला अजून दिलेला नाही, म्हणून ऑफिसच्या पत्त्यावर. स्वतःचं नाव ती कधीच घालत नाही. म्हणते, आईचं अक्षर ओळखत नाही का तुम्ही?

मग पोलिसांना लेखी जबाब दिला. आईचं नाव, अनूचं नाव, घरचा पत्ता, अंगारा म्हणजे काय, तो कपाळाला कसा लावतात, चिमूटभर जिभेवर का ठेवतात, सगळं. तपासात निव्वळ राखच निघाली.

१४ फेब्रुवारी
त्या पाकिटाचा फोटो आता नोटिस बोर्डावर लागलाय. ‘संशयास्पद टपाल असं ओळखा.’ आसपासच्या ऑफिसांनाही पाठवलाय म्हणे. गेटवरचे सिक्युरिटीवाले रोज विचारतात, मॅडम, आज प्रसाद आला का. माझा संताप झाला आणि तो मी आईवर काढला. फोनवर नको नको ते बोलले, पुन्हा काही पाठवलंस तर याद राख म्हणाले. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

२० फेब्रुवारी
घरच्या टपालपेटीत पाकीट! तेच अक्षर. म्हातारी ऐकेल तर शपथ! या वेळी पुडी प्लास्टिकची, नीट बांधलेली. आत चिठ्ठी: अनूला लाव, चिमूटभर जिभेवर ठेव. उद्या पोरीचा पहिला पेपर, आणि आजीला तो लक्षात. मला भरूनच आलं. संध्याकाळी सहाला अनूला देवापुढे बसवलं, अंगारा लावला, चिमूट जिभेवर ठेवली. तिनं तोंड वाकडं केलं. कडू आहे म्हणाली. म्हटलं, अंगारा काय पेढा असतो?

२१ फेब्रुवारी, दुपारी १
अनूला पेपरला सोडून ऑफिसला आले. आत्ता जेवणाच्या सुट्टीत आईला फोन केला, माफी मागायला. म्हटलं, मिळाला गं अंगारा. ती म्हणाली, मी पाठवलाच नाही. मला वाटलं रुसलीय. तिनं भैरोबाची शपथ घेतली. म्हणाली, पाठवू कुठे बाळ, घरचा पत्ता तू अजून दिलास कुठे?

१.२०
पाकीट पर्समध्येच होतं. तिकिटावर टपालाचा शिक्काच नाही. पंधरा वर्षं शिक्के मारतेय मी आणि हे बघितलं नाही. कोणीतरी हातानं आणून टाकलंय.

१.४०
सिक्युरिटीला सांगितलं. हसले. पोलिसांच्या नंबरवर नाव सांगताच पलीकडच्यानं ओळखलंच — राखवाल्या मॅडम. संध्याकाळपर्यंत कोणीतरी येईल म्हणाले. लांडगा आला रे आला — आणि आधी ओरडलो आम्हीच.
आईचं अक्षर बोर्डावर लागलेलं, पण घरचा पत्ता फक्त त्या जबाबात होता. किती हातांतून गेला असेल? सलीलदांनाही पत्ता — छे, काय लिहितेय मी. त्यांनीच टॅक्सी बोलावून दिली.

२.१५, टॅक्सीत
शकुनकाकूंचा फोन. अनू जेवली नाही. जीभ जड झालीय म्हणते.

२.४०
घरी. अनूला काकूंकडून उचलून वर आणलं, झोपलीय. हलवलं तर नुसती हूं करते. अँब्युलन्सला फोन केला. ते हसले नाहीत. वीस मिनिटं म्हणाले. काकू खाली उभ्या आहेत वाट दाखवायला.
डॉक्टरांसाठी वेळा लिहून ठेवते. काल संध्याकाळी सहा. एक चिमूट. माझ्या हातानं.

२.५५
दाराखालून काहीतरी सरकलं. अँब्युलन्सवाले वाटले — दार उघडलं — कोणी नाही.
पाकीट.
आईचं अक्षर. तिकीटसुद्धा नाही. पत्त्याच्या जागी एकच ओळ.
अनू झोपली का?

२.५८
तिचे श्वास मोजतेय. डॉक्टर विचारतील. अकरा. बारा.
फार वेळ —
तेरा.
मग