सान मार्तीनोची खुर्ची

तोरिनो, ६ ऑगस्ट १९६२

ती. एर्सिलियाताईस,
नोर्माचा सा. न. वि. वि.

ताई, आधी कामाचं सांगते, मग भांडायला मोकळी. वरची खोली महिनाअखेरीस कुणा जर्मन पाहुण्यांना देऊन टाकू नकोस. आमच्या जिन्यावर शेजारच्या दारात सिन्योर एवाझियो चेरुत्ती राहतात. ट्रामवर कंडक्टर होते, आता निवृत्त झालेत. हिवाळ्यात त्यांची बायको गेली आणि तिच्याबरोबर त्यांची झोपही गेली. भिंतीपलीकडून त्यांचं एकच कपबशी विसळणं ऐकू येतं आणि मला भरून येतं. मीच म्हटलं, माझ्या बहिणीकडे बार्दोलीनोला सुटीवर जा, तळ्याकडे बघत बसा, तिच्या हातचं खा आणि तिच्या मळ्यातली लाल वाइन प्या. झोप नाही आली तर नाव बदलीन.

माणूस गरीब गाय आहे. अबोल आहे, पण खडूस नाही. तुझी जीभ म्हणजे द्राक्षं छाटायची कात्री, ती जरा म्यान करून ठेव. घरचे सगळे मजेत. लोभ आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
नोर्मा


॥ सान झेनो प्रसन्न ॥
बार्दोलीनो, २ सप्टेंबर

चि. नोर्मास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. बोटीतून उतरले ते हॅट छातीशी धरून, जसे काही चर्चमध्येच शिरताहेत. पहिले दोन दिवस मला वाटलं, हा मुका माणूस नोर्माने माझ्या गळ्यात का बांधला? तिसऱ्या दिवशी दुपारी खालून ओरा वारा सुटला, तळ्यावरच्या शिडांनी माना वळवल्या आणि सिन्योर चेरुत्ती द्राक्षमांडवाखाली भिंतीला टेकून चक्क घोरायला लागले. मी भांडी वाजवायची थांबले. माझ्याच घरात मी चोरपावलांनी फिरतेय, हे लक्षात आल्यावर माझी मलाच चीड आली.

एक गोष्ट मात्र सांगते. मांडवाखाली अत्तिलिओची हातांची खुर्ची अजून तिथेच आहे. तो गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून तीत कुणी बसत नाही, हे गावाला माहीत आहे. उन्हाळी पाहुण्यांना मात्र दरवर्षी सांगावं लागतं. यांना सांगावंच लागलं नाही. आले, खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं दूध काढायचं तिपायी स्टूल ओढून बसले. तेव्हापासून त्याच स्टुलावर. पाठ दुखत असणार, पण अवाक्षर नाही.

सकाळी पेलेर वारा वरून पाणी हाकत येतो तेव्हा आम्ही कॉफी पितो. बोलत नाही. समोरचा किनारा धुक्यातून हळूहळू वर येतो, आधी घंटाघर, मग सायप्रसची झाडं, मग घरं. इतकी वर्षं मी हे बघतेय, पण बघत होते का, कोण जाणे. दिवस कुठे जातात कळत नाही. मक्याच्या पिठाची पोलेंता दोनदा करपली.

हसू नकोस. माया आहे ती असू दे.

तुझी ताई,
एर्सिलिया


तोरिनो, १० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी कशाला हसू? मी फक्त तुझं पत्र तुझ्या मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, एर्सिलियाची पोलेंता करपली म्हणजे जगबुडी जवळ आली.

तुझ्या ‘पार्सलाचं’ कार्ड मलाही आलं. द्राक्षं उतरवेपर्यंत राहतो म्हणतात. पंधरा दिवसांसाठी गेलेला माणूस मुक्काम वाढवतो, तो काय तळ्यातल्या माशांसाठी? तू रागावशील, म्हणून पुढे लिहीत नाही. जे लिहिलं नाही तेही वाचून घे, आणि धाकटी म्हणून माफ कर.

तुझी,
नोर्मा


॥ सान झेनो प्रसन्न ॥
बार्दोलीनो, ७ ऑक्टोबर

चि. नोर्मास,
अनेक आशीर्वाद.

द्राक्षं उतरली. अख्ख्या गल्लीला आंबूस-गोड वास सुटलाय. दाराबाहेर पाऊल टाकलं तरी डोकं हलकं होतं. तुझे शेजारी पहिल्या दिवशी पाटी अशी लीलया खांद्यावर घेऊन आले, की बेकरीवाली रिनाल्दा मला म्हणाली, तुझ्या कंडक्टरने तिकिटं फाडण्याखेरीज आणखी काय काय केलंय, विचार एकदा. मी तिला काय सुनावलं ते इथे लिहीत नाही.

काल ते परत गेले. मी धक्क्यावर गेले नाही, कामं होती. पण वरच्या खिडकीतून बोट दिसेनाशी होईपर्यंत तिथलीच काच पुसत होते. निघताना मी त्यांना म्हटलं, सान मार्तीनोच्या सणाला नवी वाइन उघडतो, चेस्टनट भाजतो, तेव्हा या. बोलून गेले खरी. आता स्टूल रिकामं आहे, आणि अत्तिलिओची खुर्ची रिकामी होतीच. एकाची सवय झाली होती, दोनांची होत नाही.

शाल पाठवतेय, थंडीत वापर. मायेला अंतर नसावं.

तुझी ताई,
एर्सिलिया


॥ सान झेनो प्रसन्न ॥
बार्दोलीनो, १२ नोव्हेंबर

चि. नोर्मास,
अनेक आशीर्वाद.

काल माझी अब्रू चव्हाट्यावर आली.

तुला आठवतं ना, लहानपणी सान मार्तीनोच्या दिवशी आपण कुंपणावर बसून गाड्या मोजायचो? अर्धेलीने शेत करणाऱ्यांचं साल त्या दिवशी संपायचं. मग खाटा, कोंबड्या, आजीबाई सगळं गाडीवर लादून माणसं नव्या घरी निघायची. अजून आपल्याकडे कुणी बिऱ्हाड हलवलं की ‘सान मार्तीनो केला’ म्हणतात. आणि त्याच दिवशी सामान घेऊन दुसऱ्याच्या दारात शिरणं म्हणजे काय, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तर काल दुपारच्या बोटीतून सिन्योर चेरुत्ती उतरले. डोक्यावर उलटी खुर्ची! हातांची, वेताची, जुनी. चौकात चेस्टनट भाजायला अख्खं गाव जमलेलं. त्यांच्यामधून हा माणूस खुर्ची घेऊन शांतपणे माझ्या दारापर्यंत चालत आला. मागून टाळ्या. रिनाल्दा ओरडली की एर्सिलियाच्या घरी सान मार्तीनो झाला. बँडवाल्यांनी मुद्दाम लग्नाची चाल धरली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उंबऱ्यातच त्यांना झापलं. म्हटलं, तुम्हा शहरातल्या लोकांना कोणत्या दिवशी काय उचलावं एवढंही कळत नाही? बसायला स्टूल कमी पडत होतं का? उचला ती खुर्ची आणि न्या. ते नुसते हॅट हातात फिरवत राहिले. मी पुढे केलेला ग्लास तेवढा संपवला, वाइन चांगली झालीय म्हणाले, आणि संध्याकाळच्या बोटीने गेले. बोटीवर सामान घेईनात, वारा होता. खुर्ची धक्क्यावर बेपीच्या तिकीटघरात पडून आहे.

त्यांना ठाऊक नव्हतं, हे मला कळतं. शहरातल्या माणसाला कुठून कळणार? म्हणून तर जास्त वाईट वाटतंय. तू त्यांना समजावून सांग, म्हणजे मनाला लावून घेणार नाहीत.

तुझी ताई,
एर्सिलिया


तोरिनो, १६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी शेजारचं दार ठोठावलं. म्हटलं, ताईच्या गावची रीत तुम्हाला ठाऊक नव्हती, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी मला टेबलाशी बसवलं. मग बोलले.

ताई, ते शहरातले नाहीत ग. मोनफेर्रातोच्या टेकड्यांतले. बापाने जन्मभर दुसऱ्याचा द्राक्षमळा अर्धेलीने केला. मालकाचं मन फिरलं की सान मार्तीनोला गाडी भरायची. ही खुर्ची त्यांच्या आईची. गाडीवर सगळ्यांत शेवटी तीच चढायची आणि नव्या घरात सगळ्यांत आधी तीच उतरायची. आई म्हणायची, खुर्ची टेकली की घर झालं.

त्यांना सगळं ठाऊक होतं. दिवस ठरवून आले होते. म्हणाले, मला बोलायला कधी जमलं नाही, वाटलं खुर्चीच बोलेल. आणि अत्तिलिओच्या जागी बसायचं त्यांच्या मनातही नव्हतं, म्हणून स्वतःची बसायची जागा बरोबर आणली. तुझं ओरडणं हेच उत्तर समजून ते निघून आले. भिंतीपलीकडे पुन्हा तो एकच कप वाजतोय.

मी धाकटी, जास्त काय लिहू? रागाव, पण उत्तर धाड.

तुझी,
नोर्मा


॥ सान झेनो प्रसन्न ॥
बार्दोलीनो, १९ नोव्हेंबर

चि. नोर्मास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी अत्तिलिओच्या खुर्चीसमोर खूप रडले. त्याच्यासाठी नाही, त्याच्यासाठी माझं रडून झालंय. एक माणूस घर डोक्यावर घेऊन माझ्या दारात आला, आणि मी त्याला दिवस शिकवला.

काल रविवार. प्रार्थना सुटली तेव्हा सगळं गाव चौकात होतं. मी तडक धक्क्यावर गेले. बेपी त्या खुर्चीत पाय पसरून तिकिटं देत होता, उठायला तयार होईना. उठवला. खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि चौकाच्या मधोमध चालत निघाले. कुणी हसलं नाही. रिनाल्दाने तेवढं विचारलं की सान मार्तीनो होऊन आठवडा झाला, आज कुणाचं बिऱ्हाड? मी म्हटलं, माझ्याच घरचं, यंदा जरा उशीर झाला.

अत्तिलिओच्या खुर्चीशेजारी ती ठेवलीय. दोन्हींच्या मधून तळं दिसतं. आज धुकं इतकं दाट आहे, की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते समजत नाही, आणि मला समजून घ्यायचंही नाही.

एवाझियोला सांग, दुपारच्या बोटीने ये. पुढचा सान मार्तीनो यायची वाट बघू नकोस, आणि हात हलवत ये. सामान घरी लागलंय, माणूस तेवढा यायचा राहिलाय.

तुझ्यावर जीव आहेच, तुझाही राहू दे.

तुझी ताई,
एर्सिलिया