काट्याची जागा

प्रिय बाळ्या,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि आई त्याहून जास्त, म्हणजे नेहमीसारखंच. फोनवर मी तब्येतीचं काढलं की तू हवापाण्यावर घसरतोस, म्हणून लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच, मग हवं तर फाड.

गेल्या आठवड्यात आम्हा वीस डॉक्टरांना प्रशिक्षणाला बोलावलं होतं. विषय, लठ्ठ पेशंटशी कसं बोलावं. सव्वीस वर्षं दवाखाना चालवल्यावर मला कोणी बोलायला शिकवणार म्हणून मी नाक मुरडतच गेले. शिकवणारी बाई माझ्या निम्म्या वयाची. तिचं म्हणणं, वजनाचा विषय काढण्याआधी पेशंटला विचारायचं, यावर बोललं तर चालेल का. तो नको म्हणाला, तर ज्या दुखण्यासाठी आलाय ते नीट बघायचं. मग पेशंटचं सोंग घेतलेला एक नट माझ्यासमोर बसवला. त्याचा गुडघा दुखत होता. मी विचारायला विसरले आणि अर्ध्या मिनिटात त्याला काय खायचं नाही ते सांगून मोकळी झाले. तो सगळ्याला हो म्हणाला. नंतर त्याला कसं वाटलं विचारलं, तर म्हणे या बाईंकडे मी पुन्हा येणार नाही. मला तो जरा आगाऊच वाटला.

दुसऱ्या दिवशी बाईने विचारलं, तुमच्याकडे वजन कसं घेता. मी सांगितलं, काटा बाहेर बाकांपाशी असतो, कंपाउंडर आकडा मोठ्याने सांगतो, मी आत केसपेपरवर लिहिते, वेळ वाचतो. ती म्हणाली, करून बघू या. मला काट्यावर उभं केलं आणि एका डॉक्टरने खणखणीत आवाजात एकोणऐंशी पुकारलं. मी पोट आत घेऊन उभी होते, जसा काही काटा फसणार होता. कोणी हसलं नाही, तरी माझे कान तापले. परत आल्यावर काटा आत पडद्यामागे नेला. कंपाउंडर अजून फुगलेला आहे.

तुझ्या वेळी लोक हसले होते. चार वर्षांपूर्वी तू गुडघा दाखवायला आलास, बाहेरून एकशे अठरा ऐकू आलं आणि मी आतूनच ओरडले, आधी जिभेला आवर घाल, मग गुडघ्याचं बघू. बाकांवरचे हसले, तूही हसलास. गुडघा मी पाहिलाच नाही. त्यानंतर तू दवाखान्याची पायरी चढला नाहीस, माझ्याच काय, कोणाच्याच.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढताना तू दोनदा थांबतोस, छातीवर हात धरून, आणि डॉक्टरचं नाव काढलं की उठून जातोस. तिच्यावर चिडू नकोस. चूक माझी होती आणि भोगतोयस तू, याची मला लाज वाटते, आणि भीतीही वाटते. म्हणून जे तेव्हा विचारायला हवं होतं ते आता विचारते. तुझ्या वजनाबद्दल आपण बोललो तर चालेल का? नको म्हणालास तरी ये. छाती तपासते, राहिलेला गुडघाही बघते. माझ्याकडे यायचं नसेल तर दुसऱ्या कोणाकडे जा, पण पत्र मिळेल त्याच दिवशी जा.

तुझीच,
ताई