बारकीचं रोजचं हृदय

ता. ३ जून
ती. ताईस, सा. न. वि. वि.

स्वेटर, मोजे आणि मनुका पोचल्या. टपालखर्च मालापेक्षा जड झालाय गं; पुढच्या वेळी येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती दे. सुतळी गुंडाळून ठेवली आहे.

बारकीचा तो रक्ताचा आजार, सिकलसेल, हृदयालाही दमवतो म्हणे. पातळ रक्त सगळीकडे पोचवताना त्याला दुप्पट राबावं लागतं. म्हणून दरवर्षी इको करतात. छातीवर यंत्र फिरवलं की पडद्यावर हृदय दिसतं. फुप्फुसांकडचा दाब वाढलेला असला तर लगेच औषध. तपासणी सोमवारी होती, पण पोर अगदी पिवळी पडलेली. मी तारीख पुढे ढकलून घेतली. गुरुवारी रक्त चढवलं, गालांवर तजेला आला, मग नेली. परीक्षेला पोर उपाशी कोण पाठवतं? देवाची कृपा, सगळं ठीक निघालं. औषध नको म्हणाले.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.
तुझी धाकटी

ता. १२ जून
चि. सौ. धाकटीस, अ. उ. आ.

पत्र वाचून देवापुढे डोकं टेकलं. तारीख ढकललीस ते बरं केलंस. तुझं डोकं चालतं, फक्त गणितातच चालत नसे. मेहुण्यांना सांग, आता बायकोचं ऐकत जा. बारकीला सुट्टीत पाठव. इथे तिला 'पळू नको' म्हणणारं कुणी नाही.

तुझी ताई

ता. ९ ऑगस्ट
ती. ताईस, सा. न. वि. वि.

बारकीला पाठवता येणार नाही. शाळेचा जिना चढताना दम लागून मटकन खाली बसली. बाईंनी उचलून आणली तेव्हा ओठ निळसर होते. दवाखान्यात फुप्फुसांकडचा दाब वाढलेला निघाला. डॉक्टरीणबाईंनी मागचा कागद पाहिला आणि रक्त कधी दिलं होतं ते विचारलं. मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच लागलं. म्हणाल्या, "नव्या रक्तावर चार दिवस हृदय बरं दिसतं. आम्हाला तिचं रोजचं हृदय पाहायचं होतं." औषध तेव्हाच मिळतं तर फरक पडला असता का, असं विचारलं. म्हणाल्या, कदाचित. तो एक शब्द घेऊन घरी आले. देवापुढे बसते, पण काय मागावं ते सुचत नाही.

औषध सुरू झालंय. मावशीकडे कधी जायचं, म्हणून बारकी रोज विचारते. हे उठून बाहेर जातात.

महिनाअखेरीस पुन्हा इको आहे. या वेळी रक्त देण्याआधी, फिकट आहे तशीच नेणार. पडद्यावर दिसेल ते ऐकताना शेजारी माझं माणूस हवं. येतेस का, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी धाकटी